टँगोच्या वर्गातील श्रेणीपत्रक

पणजीत संध्याकाळी मी आर्जेन्टिनी टँगोचा छोटासा वर्ग घेते. सहा-सात महिने झाले की कुणी ना कुणी विचारतेच, "टीचर, मी आता कितवीत?" विचारणाऱ्यांचा दोष नाही. गोव्यात गाणे शिकणारे मूल गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत विशारदपर्यंत जाते, आणि व्हायोलिन किंवा पियानो शिकत असेल तर लंडनच्या ट्रिनिटीच्या आठ ग्रेड त्याच्यापुढे असतात. बॉलरूमच्या टँगोलाही ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा पदक-परीक्षा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनोस आइरेस आणि मोंतेविदेओ येथील वस्त्यांत घडलेला टँगो मात्र बसवलेला नसतो, तो दोघांना नाचता नाचता सुचत जातो. त्याला गुण द्यायचे कशाचे?

तरीही श्रेणी असावी, या मताची मी आहे. नोकरी करून येणाऱ्या माणसाची प्रगती इतकी संथ असते की ती त्याची त्यालाच दिसत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो वर्गाकडे पाठ फिरवतो.

पहिले श्रेणीपत्रक मीच केले आणि चुकीचे केले. ओचो, क्रूसे, खिरो, गांचो अशी पावलांच्या आकृत्यांची यादी करून प्रत्येकीला दहा गुण ठेवले. एका तरुणाने नेहमीच्या जोडीदारणीबरोबर सगळ्या आकृत्या घोटून घेतल्या आणि वरची श्रेणी मिळवली. त्याच शनिवारी आमच्या मिलोंगात, म्हणजे नाचाच्या बैठकीत, तो पाहुण्या आलेल्या बाईंबरोबर उभा राहिला. मिलोंगात तीन-चार गाण्यांचा एक तांदा असतो आणि तो संपेपर्यंत जोडी मोडत नाहीत. मध्येच 'आभारी आहे' म्हटले तर त्याचा अर्थ 'पुरे' असा होतो. दुसरे गाणे संपताच त्या बाई आभार मानून खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या गर्दीत त्याने पाय अडकवून गांचो घ्यायचा दोनदा प्रयत्न केला होता. उलट, बँकेतून निवृत्त झालेले आमचे फोंड्याचे एक काका, ज्यांना चालणे आणि क्रूसे यांपलीकडे फारसे येत नाही आणि म्हणून ज्यांना मी तळाची श्रेणी दिली होती, त्यांची नजर आपल्याकडे वळावी (नाचाचे आमंत्रण इथे नजरेनेच देतात) म्हणून तीन बायका वाट पाहत होत्या. पत्रक मी त्याच रात्री फाडले.

नव्या पत्रकात तीनच श्रेण्या आहेत. पहिलीत फक्त चालायचे: एक पूर्ण गाणे, मिठी न सोडता, आणि सुरावटीचे वाक्य संपेल तिथे थांबायचे. हे वाचायला सोपे वाटते, पण त्याला बहुतेकांचे वर्ष जाते. दुसरीत अनोळखी जोडीदाराबरोबर दोन गाणी नाचायची, एक दारिएन्सोच्या वाद्यवृंदाचे, ज्याचा ठोका टोचल्यासारखा येतो, आणि एक दि सार्लीचे, ज्यात पाऊल लांबवावे लागते. दोन्हींवर चाल सारखीच पडली तर श्रेणी नाही. तिसरीत वाल्स म्हणजे टँगोतला वॉल्ट्झ, आणि मिलोंगा (बैठकीचेच नाव असलेला एक जलद ताल) या दोन्ही तालांवर, घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या गर्दीत, पुढच्या जोडीला धक्का न लावता नाचायचे, आणि एकदा भूमिका बदलून मागे चालायचे.

निम्मे गुण मी देते, निम्मे जोडीदार. प्रारंभी जोडीदारांनी सगळ्यांनाच पैकीच्या पैकी दिले. शेजारधर्म आमच्याकडे परीक्षेतही सुटत नाही. आता नाव न घालता चिठ्ठी घडी करून डब्यात टाकायची असते. काकांच्या एका चिठ्ठीत लिहिले होते, "यांच्याबरोबर घाई वाटली नाही."

तो तरुण गेल्या महिन्यात आपण होऊन पहिल्या श्रेणीला बसला. दि सार्लीच्या गाण्यात दोनदा थांबायचे विसरला, तिसऱ्यांदा थांबला. चवथीनंतर तो पुन्हा बसणार आहे, आणि तोवर गांचोला सुट्टी आहे.