पदवीदानाचं हूड आणि पडद्यामागची मंडळी

मिरवणूक, स्वागत, पाहुण्यांची ओळख, सगळं दरवर्षी ठरल्याप्रमाणे पार पडतं. पाहुण्यांचं भाषण कधी रंगतं, कधी लांबतं. पण पीएच.डी.चे विद्यार्थी मंचावर येतात, मार्गदर्शक हूड (गाऊनवर पाठीमागे सोडायचं रंगीत वस्त्र) त्यांच्या डोक्यावरून खांद्यावर सोडतात आणि विद्यापीठाचे रंग पाठीवर उलगडतात, तेव्हा गळा दाटतोच. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. आपल्या मुलाचं नाव पुकारून झालं की मंडळी फोटोला बाहेर. हे दरवर्षी खुपतं.

हूड म्हणजे मुळात मध्ययुगातल्या पाद्र्यांचं, थंडीत डोकं झाकायचं वस्त्र. आज उरलीय ती फक्त शोभा आणि ओळख. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाचा पोशाख निराळा होऊ लागला, तेव्हा १८९५ साली कोलंबिया विद्यापीठातल्या बैठकीत समान संहिता ठरली. तिच्यामागे गार्डनर कॉट्रेल लेनर्ड यांचा मोठा हात होता. विल्यम्स कॉलेजच्या १८८७च्या आपल्या वर्गाचे गाऊन त्यांनीच बेतले होते. आता लांबी ठरलेली: पदवीला तीन फूट, पदव्युत्तरला साडेतीन, डॉक्टरेटला चार. मखमलीचा काठ अनुक्रमे दोन, तीन आणि पाच इंच.

काठ विषय सांगतो, अस्तर विद्यापीठ सांगतं. कला शाखेला पांढरा, विज्ञानाला सोनेरी पिवळा, वैद्यकाला हिरवा, कायद्याला जांभळा. पीएच.डी. कुठल्याही विषयातली असो, काठ गडद निळाच. अर्थशास्त्रवाल्यांना आपला तांब्याच्या रंगाचा काठ हवा असतो, त्यांची समजूत दरवर्षी काढावी लागते. अस्तराची अडचण निराळी. विद्यापीठं वाढली, दोन रंगांच्या जोड्या पुरेनात, मग एका रंगावर दुसऱ्याचा व्ही आकाराचा पट्टा, कुठे दोन पट्टे, अशा तोडी निघाल्या. कोलंबियाचे फिकट निळा आणि पांढरा हे रंग तर तिथल्या दोन विद्यार्थी वाङ्मय मंडळांकडून आले.

प्रत्यक्षात घोळ होतो तो घालताना. हूड डाव्या हातावर नीट घडी करून आणायचं. उलटं दिलं गेलं तर मखमल आत जाते आणि अस्तर दिसतच नाही. घातल्यावर मागून एकाने काठ बाहेर वळवून अस्तर उघडायचं आणि आतली दोरी बटणात अडकवायची, नाहीतर दोन पावलांत ते मिटतं. सगळं वजन पाठीमागे, म्हणून गळपट्टी गळ्याला चढते. पुढचा फासा सदऱ्याच्या बटणात अडकवला की भागतं. साडीला किंवा गोल गळ्याला बटण नसतं, तिथे गाऊनला आतून सेफ्टी पिन, मखमलीला मात्र कधीच नाही. आणि उंच विद्यार्थ्यांनी गुडघे वाकवायचे, हे आदल्या दिवशीच्या तालमीत दहादा सांगितलं तरी मंचावर निम्मे विसरतात. ठेंगणे मार्गदर्शक मग टाचा उंचावून उभे!

हे निभतं ते ज्यांची नावं पत्रिकेत येत नाहीत त्यांच्यामुळे. अस्तराचं सगळं कापड एकाच ताग्यातून घेणारे शिंपी (दुसऱ्या ताग्याची छटा रांगेत लगेच डोळ्यांत भरते). मखमलीला इस्त्री न लावता उलट्या बाजूने वाफ देणाऱ्या बायका. नावांचे उच्चार आदल्या दिवशी एकेकाला विचारून घेणारे निवेदक. रांगेचा क्रम आणि यादी जुळवणारे कारकून. मंचामागे पिनांची डबी घेऊन उभी राहणारी मुलं. दिवेवाले, कारण भडक पिवळ्या उजेडात सोनेरी आणि लिंबू रंग एकच भासतात, हे त्यांनीच पहिल्यांदा दाखवलं. परत आलेली हूडं मोजून मापानुसार लावणारे कोठीवाले. खुर्च्या मांडणारे, झाडलोट करणारे. आणि हो, लिफ्ट बंद पडली की गाऊनच्या पेट्या जिन्याने वर नेणारे शिपाई. त्यांचा उल्लेख गेल्या वर्षीच्या आभारप्रदर्शनातून सुटला होता, म्हणून इथे मुद्दाम.