कानाला दडे

गोव्यात स्कुबा डायव्हिंग शिकवते म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा शार्कचा. पगार ऑक्टोबर ते मे बरा असतो, पावसाळ्यात विचारू नये. आणि शार्क मी सर्वात जास्त पाहिलेत ते म्हापशाच्या बाजारात, मोरी या नावाने, अंबोटीक म्हणजे आंबट-तिखट कालवण होण्याच्या वाटेवर. आम्ही उतरतो त्या ग्रँड आयलंडच्या आसपास गोबरे भेटतात, पोपटमासे भेटतात, कपारीत एखादी मोरे ईल, सापासारखा लांबट मासा, तोंडाची उघडझाप करत बसलेली असते. ती बिचारी श्वास घेत असते, पाहुण्यांना वाटतं चावायला निघाली. मांडवी आणि झुवारी आपापला गाळ याच बाजूला आणून ओततात. पाणी हिरवट, दिसतं जेमतेम काही मीटर. अंदमानचे फोटो बघून आलेल्यांचा चेहरा होडीवरच पडतो.

चेहऱ्यांचं म्हणाल तर माझं सगळं काम तिथेच असतं. मास्कमध्ये नाक बंद, तोंडात हवा पुरवणारा रेग्युलेटर. माणसाचे उरतात फक्त डोळे. वर होडीवर अखंड बोलणारी माणसं खाली गप्प होतात आणि मग डोळ्यांतून एकेक गोष्ट कळायला लागते. आवाजाचा उपयोग नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने पळतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूने आला हे कानांना उमगत नाही. मी सिलिंडरवर टकटक करते आणि पाहुणा माझ्याखेरीज सगळीकडे बघतो.

भीती मोजायचं यंत्रही आमच्याकडे असतं, सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा, फक्त कंपनीने ते त्यासाठी बनवलेलं नाही. सिलिंडर भरलेला असतो साधारण २०० बारला, आणि ५० बार शिल्लक असतानाच वर आलेलं असायचं, हा दंडक. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते. पण खरा फरक पडतो तो माणसामुळे. जिममध्ये घडवलेले दंड दाखवत उतरलेला तरुण काटा असा खाली आणतो की बघत राहावं, आणि त्याच्याबरोबर आलेली त्याची आई, जिने सकाळपासून "मी नुसती होडीत बसते" असा धोशा लावलेला असतो, ती निवांत सिलिंडर पुरवून पुरवून वापरते. काट्याकडे बघून मी मनात म्हणते, कोण घाबरलंय ते कळलं. बोलत नाही.

सर्वात अवघड विद्यार्थी म्हणजे आमचीच गोव्याची मुलं. नदीत सूर मारत वाढलेली. पाण्यात डोकं गेलं की श्वास धरायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. स्कुबाचा पहिला नियम नेमका याच्या उलट आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते, आणि ती जागा फुप्फुसात नसते. पोहता न येणारा सोलापूरचा माणूस हे ऐकतो आणि मुकाट्याने श्वास घेत राहतो. पोहणाऱ्याला आधी जुनं विसरावं लागतं. शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, यात नवीन काय?

मला या धंद्यातली सर्वात जास्त आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. डायव्हिंगमध्ये कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो. अंगठा वर केला की वर जायचं. (हौशी पाहुणे आनंदाच्या भरात अंगठा दाखवतात ते निराळं. दोन बोटांचं वर्तुळ म्हणजे ठीक, हे होडीवर सांगून सांगून घसा सुकतो, तरी फोटोसाठी अंगठाच येतो.) खरा अंगठा ओळखू येतो, डोळे त्याच्या आधी वर गेलेले असतात. मग मी "का?" विचारत नाही. विचारायची खूणही माझ्याकडे तयार नाही. त्याच्या जॅकेटचा पट्टा धरायचा, आपला अंगठा वर करून त्याला सांगायचं, कळलं, आणि हळूहळू वर यायचं. एरवी जगात "नको" म्हणायला किती कारणं जमवावी लागतात! लग्नाला येत नाही म्हटलं तर ताप हवा, नोकरी सोडतो म्हटलं तर दुसरी हातात हवी.

पण वर आल्यावर होडी असते, आणि होडीत मित्र असतात. बेळगाव किंवा कोल्हापूरकडून दहा-बाराजणांचा कंपू येतो. त्यातला एक जण चार मीटरवरून परत आला की बाकीचे तयारच. "काय रे, फाटली का?" त्या वेळी त्याचा चेहरा खालच्यापेक्षा वाईट होतो. अशा वेळी मी फिन्स काढता काढता मोठ्याने सांगते, "कानाला दडे बसले त्याच्या. सुटत नव्हते. मीच वर आणलं."

हे कारण इतकं नामी आहे की त्याच्यावर कुणाची बिशाद नाही बोलायची. चोर्ला घाटात बसतात तसेच हे दडे, फक्त इथे पहिल्या काही मीटरांतच दाब झपाट्याने वाढतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे झाले तर पुढे, नाहीतर थोडं वर येऊन परत प्रयत्न. दुखत असताना रेटून खाली गेलं तर पडदा फाटू शकतो. सर्दी झालेला पट्टीचा डायव्हरसुद्धा कानापुढे हात टेकतो. त्यामुळे घाबरलेला आणि दडे बसलेला यांच्यात होडीवरून फरक करता येत नाही, आणि करूही नये असं माझं मत आहे. कंपू लगेच मवाळ होतो. कुणीतरी आपल्या कानाचा जुना किस्सा काढतो. आमचा होडी चालवणारा तांडेल, ज्याला सगळं समजलेलं असतं, तो नांगराच्या दोरीवरून नजर न उचलता म्हणतो, "ताका च्या दी गो." (त्याला चहा दे गं.) आणि गंमत म्हणजे असं वाचवलेल्यांपैकी कितीतरी जण अर्ध्या तासाने आपण होऊन विचारतात, परत उतरू का? टोमणे खाल्लेले मात्र विचारत नाहीत.

शिकवण्याच्या बाबतीत या कामाने माझ्या हातांना एक वळण लावलं. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून प्रत्येक कृती नाटकातल्यासारखी सावकाश करून दाखवायची. मास्कमध्ये पाणी शिरलं: वरची कड दाबा, नाकातून उच्छ्वास, नजर वर. मग आपले हात मागे घ्यायचे आणि समोरच्याला करू द्यायचं. तो चुकला, तरी धोका नसेल तर हात मागेच.

घरी फोंड्याला बाबांना मोबाइलवर वीजबिल भरायला शिकवताना याची परीक्षा झाली. आपल्या घराघरांत रोज ऐकू येणारं वाक्य कुठलं असेल तर "द्या इकडे, मी करते." त्यात प्रेम नसतं असं नाही, पण शिकवणं अजिबात नसतं. बाबांचं बोट आकड्यांवर घिरट्या घालत होतं, पडदा विझत होता, ते चष्मा वर-खाली करत होते, आणि मी हात पाठीमागे बांधून उभी. भाऊ आतून ओरडला, "अगं, दे ना भरून!" बाबांनीच त्याला गप्प केलं. बिल भरलं गेलं तेव्हा त्यांनी अख्ख्या वाड्यावर सांगितलं, शेजाऱ्यांचंही भरून देऊ का म्हणाले.

पावसाळ्यात समुद्र आम्हाला हाकलून देतो, मग चवथीला मी घरीच असते. गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली गप्पा रंगल्या की आत्या माझ्यासाठी मडगावचं एखादं स्थळ काढते. मुलगा चांगला, घर स्वतःचं, फक्त हे समुद्राचं थांबवावं लागेल. दोन वर्षांपूर्वी मी सवयीने हाताचा पंजा आडवा धरून डोलवला आणि कानाकडे बोट नेलं. काहीतरी बिनसलंय, कान, अशी ती खूण. आईला होडीवरच्या सगळ्या कथा पाठ. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आत्याला म्हणाली, "अगो, तिच्या कानाला दडे बसलेत, समुद्राचं पाणी. तिला ऐकू येत नाही नीट." आणि मला नेवऱ्या (करंज्या) तळायला आत पिटाळलं.

तेव्हापासून ही खूण घरात रुळली. भाऊ ती ऑफिसातून साहेबांचा फोन आला की करतो. आई भजनी मंडळाच्या सहलीचं निघालं की करते, तिला बस लागते. मी कुणालाच "का?" विचारत नाही. मात्र बाबा अलीकडे वीजबिलाची तारीख जवळ आली की कानाकडे बोट नेतात, आणि तिथे माझा पक्का संशय आहे.