कुणी आठवण काढली?

दुपारची ठाणे स्लो. बायकांच्या डब्यात निम्म्या जणी पेंगलेल्या. माटुंगा सुटतं आणि खिडकीतल्या मुलीला उचकी लागते. हातात वडापावचा तेलकट कागद, मांडीवर गार सोड्याची बाटली. कारण विचारायलाच नको. घाईत गिळलेल्या घासांनी आणि गॅसने फुगलेलं पोट वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला ढोसतं. हा पडदा चिडून झटक्यात आकसतो, हवा आत खेचली जाते आणि ३५ मिलिसेकंदांच्या आसपास घशातली फट धाडकन मिटते. आपण ऐकतो ते हे दार आपटणं.

"कुणीतरी आठवण काढतंय गं, नावं घे!" ज्या नावाला उचकी थांबेल, तो आठवण काढणारा. साधी उचकी काही मिनिटांत आपणच जाते, त्यामुळे श्रेय यादीत शेवटी आलेल्याला. लग्न झालेल्यांत बहुधा सासूला. ही मुलगी आई, मावशी, आत्या म्हणते. एक नाव मनातच घेत असावी.

"टीसी आली!" हा दचकवायचा उपाय मला कधीच पटलेला नाही. उचकी राहते, पास शोधणं तेवढं सुरू होतं.

श्वास कोंडणं बरं. छाती भरून घ्यायची, नाक दाबून १५-२० सेकंद थांबायचं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की उचकीचा जोर ओसरतो. पण मध्येच उचकी आली की तोंड उघडतं, पुन्हा पहिल्यापासून. पाणी प्यायचं तर बारीक आठ-दहा घोट, मध्ये श्वास न घेता. आपण बाटली उष्टी नको म्हणून वरून धार धरतो. तीत पाण्याबरोबर हवाही पोटात जाते, आणि गाडीने रूळ बदलला की उरलेलं पाणी ओढणीवर.

खरा भरवसा चमचाभर कोरड्या साखरेचा. न चघळता गिळायची. खरखरीने घशाच्या नसा गुंततात. १९७१ साली २० जणांवर करून पाहिलं, १९ जणांची उचकी थांबली. आता डब्यातल्या पर्समधून सेफ्टीपिना, बाम, आवळासुपारी सगळं निघतं. साखर नाही.

अमेरिकेत आयोवाच्या चार्ल्स ऑसबॉर्नना १९२२ साली लागलेली उचकी १९९० साली थांबली. अडुसष्ट वर्षं कोण एवढी आठवण काढत होतं, देव जाणे. उचकी ४८ तास टिकली तर मात्र नावं घेणं सोडून डॉक्टर गाठावा. मूत्रपिंड, मेंदू किंवा छातीतलं दुखणंही त्यामागे असू शकतं.

घाटकोपरला मुलगी उतरते. थांबली असावी. निदान डब्यात तरी.