३१ जुलैचा फोन

२०२३ च्या ३१ जुलैला सोमवार होता. आयकर विवरणपत्राचा शेवटचा दिवस असल्यामुळे कुठलाच सीए फोन उचलत नव्हता. त्यातच दुसऱ्या दिवसापासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढणं सक्तीचं होणार होतं. आम्ही लहान कारखान्यांसाठी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, विक्री, हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बनवतो, त्यामुळे आमच्या ग्राहकांची तयारी आधीच झाली होती.

दुपारी आमच्याच धंद्यातल्या एका स्पर्धकाचा फोन आला. मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योजकांच्या संघटनेच्या एका कार्यक्रमात ओळख झालेली, पुढे कधीमधी भेट, एवढाच संबंध. "मॅडम, भोसरीत माझे एक ग्राहक आहेत, फोर्जिंगवाले. ई-इनव्हॉइसचं काम करणारा आमच्या ऑफिसातला मुलगा नोकरी सोडून गेला. हे माझ्याच्यानं होणार नाही. उद्या सकाळी त्यांची गाडी चाकणला जायची आहे. तुम्ही बघाल का?"

पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड मिळाल्याशिवाय ते बिल कायद्यानं बिलच ठरत नाही. घेणाऱ्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं, मग तो माल घेईल कशाला?

संध्याकाळी गाळ्यावर पोचलो. काही मालाला एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, नव्हता, काही ग्राहकांचे पिनकोड चुकीचे होते. अशी बिलं पोर्टल परत पाठवतं. मालकांना मी स्पष्ट सांगितलं, की एका रात्रीत सॉफ्टवेअर जोडून होणार नाही. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं फुकट ऑफलाइन टूल आहे, उद्याची बिलं त्यातून काढू. त्यांच्या अकाउंटंट ताईंना शेजारी बसवून सगळं शिकवलं. सकाळी गाडी गेली. त्यांचं सॉफ्टवेअर पोर्टलशी थेट जोडण्याचं काम (एपीआयनं) सवडीनं केलं, आणि पुढे त्यांनी पूर्ण ईआरपीच आमच्याकडे दिली.

मला सांगायचं आहे ते यातलं नफ्याचं गणित. सॉफ्टवेअर कंपनीचा मुख्य खर्च म्हणजे माणसांचे पगार. जाहिरात बघून आलेल्या ग्राहकाला डेमो द्यायचा, कोटेशन तीनदा बदलायचं, दोन-तीन महिने घासाघीस करायची. ते सगळे तास पगारी असतात आणि कुठल्याच बिलात लागत नाहीत. इथे स्पर्धकानं आमचा दर आधीच सांगून ठेवला होता, वर "यांच्याशी भाव करू नका" असंही. निम्मा ॲडव्हान्स पहिल्या चर्चेतच ठरला. काम नेहमीचंच, दरही नेहमीचाच, पण हाती उरलं ते कितीतरी जास्त. पुढे शेजारच्या गाळेवाल्यांनी आणि त्यांच्या सीएनीही आमचं नाव सुचवलं.

अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. मला ते पटतं. रोजच्या मित्रांना जे ठाऊक असतं, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. भोसरीचा तो गाळा माझ्या कुठल्याच मैत्रिणीच्या नजरेत आला नसता.

मात्र सगळ्याच ओळखी अशा फळत नाहीत. दर आठवड्याला कुणाचं तरी नाव सुचवलंच पाहिजे अशा व्यावसायिकांच्या गटांतून आमच्याकडे पाच-दहा हजारांच्या वेबसाइट मागणारेच जास्त आले. त्यानं उलाढाल वाढली, माणसं गुंतून पडली आणि नफा होता तिथेच राहिला. न बघितलेल्या कामाची शिफारस करणं मला आजही पटत नाही.

त्या स्पर्धकाला मी कमिशन देऊ केलं. त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "मोबाइल ॲपचं काम आलं तर माझ्याकडे पाठवा, पण आधी ऑफिसात येऊन आमचं काम बघा." मी गेले, त्याच्या टीमबरोबर बसून दोन ॲप नीट तपासली, आणि मगच आमच्या एका जुन्या ग्राहकाला त्याचा नंबर दिला.