षष्ठी मागणारी जर्मन अव्ययं
जर्मनच्या विभक्तींमध्ये माझा जीव जडला तो गेनिटिव्हवर, म्हणजे षष्ठीवर. वेगन (मुळे), ट्रोट्स (असूनही), वेरेंट (दरम्यान), श्टाट (ऐवजी), आउसरहाल्ब (बाहेर) ही अव्ययं ती मागतात. 'शहराच्या बाहेर' म्हणताना आपणही 'च्या' लावतोच की! तेच तिकडे 'आउसरहाल्ब देअर श्टाट' (इथे श्टाट म्हणजे शहर), फक्त अव्यय आधी. स्त्रीलिंगाला आणि अनेकवचनाला 'देअर' हे नामाआधीचं उपपद पुरतं. पुल्लिंगी, नपुंसकलिंगी नामांपुढे 'डेस' येतं, शिवाय बहुतेक नामांच्या शेवटीही 'स' किंवा 'एस' जोडावा लागतो: 'ट्रोट्स डेस रेगन्स', पाऊस असूनही. म्हणून नाम पाठ करताना लिंग सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. बोलताना पुष्कळ जर्मन 'वेगन देम रेगन' अशी चतुर्थी वापरतात, ऐकून गोंधळू नका. अर्जात, पत्रात मात्र षष्ठीच लिहा.