मोरजीचा किनारा आणि माझी भरतकामाची रिंग

कागदोपत्री गोवा परदेश नाही. पण बार्शीत वाढलेल्या आणि लग्नानंतर मोरजीला राहायला आलेल्या माझ्यासारखीला समुद्र हा वेगळाच मुलूख आहे. तिकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मासे खायला लागलीस का?" लागले, आवडीने खाते. पण इथल्या समुद्रातले प्राणी ताटाबाहेर किती बघण्यासारखे आहेत, ते आज सांगायचंय. मला ते दिसायला लागले भरतकामामुळे.

साखळी, काश्मिरी, गाठीचा टाका, उलटी टीप, हे सगळं आजीने शिकवलेलं. इथे आल्यावर मोर आणि कोयऱ्या बाजूला ठेवल्या आणि समोर दिसेल ते भरायला घेतलं. एकदा सुई हातात घेतली की "किती छान!" म्हणून भागत नाही. पर नेमका कुठून निघतो, पाठीचा रंग कुठे संपून पोटाचा सुरू होतो, हे कळल्याशिवाय पहिला टाकासुद्धा घालता येत नाही.

मला सर्वांत प्रिय आहे ओहोटीची वेळ. पाणी मागे हटलं की ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी उमटायला लागते. ती काढणारा खेकडा नखाएवढा असतो, सँड बबलर जातीचा. बिळातून बाहेर येतो, नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय कण चाळून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून बाहेर सरळ रेषेत काम करत जायचं, परत यायचं, मग शेजारची रेषा धरायची. गोळ्यांच्या ओळींमध्ये एक वाट मात्र तो मोकळी ठेवतो, संकट आलं तर बिळात पळायला. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा आमची पावलं वाजली आणि एका क्षणात सगळे खेकडे गायब. सोबत घरमालकीण काकी होत्या. त्या म्हणाल्या, "मातशें राव गो, येतले ते परत." म्हणजे जरा थांब गं, येतील ते परत. तिथेच बसून राहिलो. आधी एक डोळा वर आला, मग एक नांगी, आणि थोड्या वेळाने सगळी वाळू हलायला लागली. ती नक्षी मी मॅटीच्या कापडावर गाठीच्या टाक्याने भरली. ती मोकळी वाट सोडताना फार सांभाळावं लागतं, कारण रिकामी जागा दिसली की ती भरून टाकायला हात शिवशिवतात.

कासवाचं तर विचारूच नका. आपण देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार करूनच पुढे जातो, त्यामुळे कासव आपल्याला पाठ आहे असं वाटतं. समुद्री कासवाचे पाय मात्र चपटे आणि लांब असतात, आणि त्याला डोकं किंवा पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. वनखात्याच्या एका रक्षकाने मला ओळखायची खूण सांगितली: पाठीवरच्या कवचाचे तुकडे मोजा. मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना ग्रीन टर्टल या दुसऱ्या जातीच्या समुद्री कासवाला चार-चार असतात. रिडलेला बहुतेक वेळा सहा किंवा त्याहून जास्त, आणि कित्येकदा डावी-उजवी संख्या जुळतच नाही. म्हणून मी डावीकडे सहा आणि उजवीकडे सात भरले. काकींनी कापड उन्हात धरून मोजलं आणि म्हणाल्या, "एक चड जालो मगो!" म्हणजे एक जास्त झाला की! मग त्यांना फोटो दाखवला. त्यांचं बालपण याच किनाऱ्यावर गेलेलं. तरी फोटोतले तुकडे त्यांनी बोट ठेवून दोनदा मोजले.

एका घरट्यात साधारण 100 ते 120 अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. नर की मादी हे वाळूची उष्णता ठरवते: वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त. पिल्लं रात्री उजळ क्षितिजाकडे धाव घेतात, म्हणून शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश त्यांना उलट्या दिशेला नेतात. फोटोपायी पिल्लांवर प्रकाश मारणारी माणसं बघून मला खरोखर संताप येतो. हा प्राणी केवढा प्रवास करतो बघा: 2021 मध्ये ओडिशात खुणेची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. अंतर सुमारे 3,500 किलोमीटर!

डॉल्फिनसाठी बोटीत बसलंच पाहिजे असं नाही. बोटी त्यांच्या मागे लागतात ते मला आवडत नाही. शिंकेरीला आग्वाद किल्ल्याच्या खालच्या तटावर सकाळी उभं राहिलं तर काठाजवळ फिरणारे हंपबॅक डॉल्फिन तिथून दिसू शकतात. सिनेमातल्यासारखी उडी ते क्वचितच मारतात. आधी चोच वर येते, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर. जगभरात ही जात धोक्यात आहे.

आणखी एक. जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे बसवलेले असतात. दुपारचं ऊन त्यांतून दुधाळ होऊन खोलीत उतरतं. त्या शिंपल्याला 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घेतलं गेलं, म्हणून नवे शिंपले काढण्यापेक्षा आहेत त्या खिडक्या जपायला हव्यात. दुकानातले शंखही घेऊ नका. रिकाम्या शंखात हर्मिट खेकडे घर करतात, आणि विकायला ठेवलेल्या पुष्कळ शंखांतला जीव मेलेला नसतो, मारलेला असतो.

यायचं तर डिसेंबर ते मार्चमध्ये या, आणि वनखात्याच्या माणसांना विचारूनच घरट्यांजवळ जा. एवढं लांब जमत नसेल तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आहे, तिथेही कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघता येतात. माझ्याकडे येणार असाल तर अँकरच्या भरतकामाच्या धाग्याच्या करड्या रंगाच्या लडी आणा, फिकट ते गडद जेवढ्या मिळतील तेवढ्या. डॉल्फिनची पाठ अजून अर्धी भरायची आहे.