आसनात जाताना, आसनातून येताना

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी पश्चिमोत्तानासनातून उठताना माझ्या कंबरेत उसण भरली. आसन नीट जमले होते. कपाळ गुडघ्यांना टेकले होते, श्वास शांत होता आणि मनातल्या मनात तीस अंक मोजूनही झाले होते. घोटाळा झाला तो उठताना. स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी वाजली म्हणून मी हिसक्याने वर आले आणि अर्ध्यावरच अडकले. पुढचे चार दिवस भिंतीला धरून चालावे लागले. वीस वर्षे योगासने करणाऱ्या बाईला योगासने करतानाच इजा व्हावी, याचे मला दुखण्याहूनही अधिक वैषम्य वाटले.

ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले त्यांनी एक अगदी साधी परीक्षा घेतली. मला पाठीवर झोपवून, गुडघे वाकवायला लावून त्यांनी माझ्या कंबरेखाली आपला तळहात सरकवला आणि म्हणाल्या, "आता एक पाय वीतभर उचला, पण माझ्या हातावरचा दाब बदलू देऊ नका." पाय उचलताच माझी कंबर कमानीसारखी वर गेली आणि त्यांचा हात मोकळा झाला. मला हलासन करता येत होते, पण एक पाऊल वीतभर उचलताना कंबर जागच्या जागी ठेवता येत नव्हती. अंगात लवचिकपणा भरपूर आहे, तो सावरून धरणारे बळ कमी आहे, असे सांगून त्यांनी पिलाटीजचे पाच व्यायाम कागदावर काढून दिले. तोपर्यंत पिलाटीज म्हणजे नटनट्यांनी महागड्या यंत्रावर झोपून करायचा काहीतरी प्रकार, एवढीच माझी समजूत होती.

पिलाटीज हे आडनाव आहे, हेही मला तेव्हाच कळले. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी बेजार झालेल्या या मुलाने पुढे व्यायामाचाच ध्यास घेतला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत त्यांनी आपल्या व्यायामाला आकार दिला, आणि पलंगाच्या स्प्रिंगा वापरून आजाऱ्यांना पडल्या पडल्या व्यायाम करायला लावला, असे सांगतात. १९२६च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी तिथे व्यायामशाळा काढली, जिच्यात दुखापत झालेले नर्तक मोठ्या संख्येने येत. ते स्वतः या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' म्हणत. १९४५ साली त्यांनी चटईवरच्या ३४ व्यायामांचा जो क्रम प्रसिद्ध केला, त्याला यंत्र लागत नाही. घरी करण्यासारखा भाग नेमका हाच आहे.

हे वाचताना मला सारखी बी. के. एस. अय्यंगार यांची आठवण होत होती. १९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत जन्मलेला, हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेला तो मुलगा १९३७ साली आमच्या पुण्यात आला आणि इथेच राहून त्याने जगाला आसने शिकवली. एकाने पलंगाच्या स्प्रिंगा वापरल्या, दुसऱ्याने खुर्च्या, दोर आणि विटा. आजारी शरीराला आधार देऊन व्यायामापर्यंत कसे आणायचे, हा प्रश्न दोघांनाही स्वतःच्या शरीरातून पडला होता. तरीही दोघांची उत्तरे वेगळी आहेत, आणि घरी ही दोन्ही एकत्र करायची तर तो वेगळेपणा आधी नीट समजून घ्यावा लागतो.

पतंजलींनी आसनाची व्याख्या 'स्थिरसुखमासनम्' अशी केली आहे, म्हणजे आसनात स्थिर व्हायचे, तिथे सुखाने थांबायचे. पिलाटीजच्या चटईवर असे थांबणे फारसे नाही. बहुतेक हालचाली पाच ते दहा वेळा करायच्या आणि पुढच्या व्यायामाकडे वळायचे. योगात माझे सगळे लक्ष मुक्कामावर असे, तर पिलाटीजमध्ये मुक्कामच नसल्यामुळे ते वाटेवर ठेवावे लागते. यात दोष योगाचा नाही. चांगले शिक्षक आसन घेण्याइतकेच आसन सोडण्याचेही टप्पे शिकवतात. मीच त्या टप्प्यांकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखी पाहत होते, वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत सहन करायच्या म्हणून. कंबर दुखावली ती अशाच एका पायरीवर.

सुरुवातीला मी एक दिवस योग आणि एक दिवस पिलाटीज अशी वाटणी केली. ती तीन आठवडे टिकली. योगाच्या दिवशी मी पिलाटीजचे सगळे विसरून जुन्याच सवयीने वाकत असे. मग एकाच बैठकीत आधी आसने आणि शेवटी पिलाटीज असा क्रम लावला. शवासनातून उठून पोटाचे व्यायाम करायचे म्हणजे पंगतीत विडा खाल्ल्यावर पुन्हा वरणभात वाढून घ्यायचा. एका आठवड्यात तोही नाद सोडला. आता सकाळी सहा ते पावणेसात या वेळात पंधरा-सतरा मिनिटे पिलाटीज आणि उरलेली सगळी योगासने, हा क्रम पक्का झाला आहे. पोटाचे आणि पाठीचे खोल स्नायू आधी जागे झाले की आसनात जाताना ते आपोआप साथ देतात. आधी लांबलचक ताण देऊन शरीर सैल केले, तर निदान माझ्या शरीराला त्यानंतर कंबर सांभाळण्याचा उत्साह उरत नाही.

क्रम लावणे सोपे होते, अडचण आली ती श्वासाची. श्वास घेताना पोट फुगवायचे आणि सोडताना आत जाऊ द्यायचे, हे आईने मला सातव्या वर्षी शिकवले होते आणि ते अंगात मुरले आहे. पिलाटीजमध्ये मात्र पोट आत धरूनच श्वास घ्यायचा असतो. तो बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे पसरतो, नाकाने घ्यायचा आणि तोंडाने सोडायचा. 'हंड्रेड' नावाचा जो प्रसिद्ध व्यायाम आहे, त्यात पाठीवर झोपून, पाय वर धरून, सरळ केलेले हात जमिनीपासून थोडे वर खालीवर हलवायचे असतात. पाच ठोक्यांत श्वास घ्यायचा, पाच ठोक्यांत सोडायचा, अशी दहा आवर्तने झाली की शंभर भरतात. मी तो पोट फुगवून करत होते. प्रत्येक श्वासाला पोट वर येई, त्याबरोबर कंबर चटईवरून सुटे आणि मान दुखू लागे. मान जमिनीवरच ठेवून आणि गुडघे काटकोनात वाकवून मी व्यायाम सोपा करून घेतला, तरी श्वास काही जुळेना.

यावर एक उपाय फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुचवला आणि दुसरा आईने. बाईंनी बरगड्यांभोवती ओढणी गुंडाळून तिची टोके समोर हातात धरायला सांगितली. श्वास घेताना ओढणी बाजूंनी आणि पाठीकडून ताणली गेली पाहिजे, पोटाशी काही हालता कामा नये. दोनतीन दिवसांत ओढणी ताणली जाऊ लागली, पण श्वास सोडण्याचे कोडे तसेच राहिले. आई खुर्चीत बसून पाहत होती. ती म्हणाली, "अगं, हे तर फुंकणीने चूल फुंकल्यासारखं आहे. तू फुंकून तर बघ, पोट कसं आत जातं ते." मी ओठांचा चंबू करून फुंकले. बेंबी कण्याकडे गेली, ओटीपोटाचा तळ किंचित वर उचलला गेला आणि कंबरेभोवती कोणीतरी पदर घट्ट खोचावा तसे वाटले. पोटाचा जो सर्वांत आतला आडवा स्नायू कंबरेला पट्ट्यासारखा वेढून असतो, तो कामाला लागल्याची हीच खूण आहे. लहानपणी आजोळी चुलीपुढे बसणाऱ्या माझ्या आईने तो पिलाटीजचे नाव ऐकण्याच्या पन्नास वर्षे आधीपासून वापरला होता.

हे दोन्ही श्वास मी एकमेकांत मिसळत नाही. पिलाटीज संपले की गुडघे वाकवून दोन मिनिटे नुसती पडून राहते, एक हात पोटावर ठेवते आणि पोटाला पुन्हा मोकळेपणाने वरखाली होऊ देते. तोंड मिटून नाकाने श्वास सुरू झाला की मगच आसनांना हात घालते. दोन्हींची नावे जोडून चालवलेल्या काही वर्गांत आसन धरलेले असतानाच पाय झटकायला लावतात. मला ते पटत नाही, कारण त्यात थांबणेही नीट होत नाही आणि हालचालही नीट होत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००० साली न्यूयॉर्कमधील न्यायालयाने 'पिलाटीज' हे व्यायामपद्धतीचे सर्वसाधारण नाव ठरवले, त्यामुळे ते कोणाच्या मालकीचे उरलेले नाही. म्हणून फलकावरचे नाव वाचून वर्गात नाव घालण्यापेक्षा शिकवणारी व्यक्ती कुठे आणि किती शिकली आहे, ते विचारलेले बरे.

दोन्ही पद्धती जिथे खरोखर शेजारी येऊन बसतात, ती जागा मला सेतुबंधासनात सापडली. पूर्वी मी मोटारीखाली जॅक लावावा तशी कंबर एकदम उचलत असे आणि वर गेल्यावर छाती हनुवटीकडे नेण्यावर सगळे लक्ष देत असे. आता वर जाताना आधी माकडहाड वळवते, मग कंबरेचा खालचा भाग, मग एकेक मणका, जपमाळेतला मणी ओढावा तसा चटईपासून सोडवते. वर पोचल्यावर जुन्या पद्धतीने पाच श्वास थांबते. उतरताना आधी खांद्यांच्या पात्यांमधला भाग टेकतो, मग बरगड्यांमागचा, मग कंबरेची पोकळी, आणि माकडहाड सर्वांत शेवटी. कंबरेच्या वरच्या अंगाला माझे दोनतीन मणके आजही वेगळे होत नाहीत; ते तिघे एकदम, धप्पकन टेकतात. उसण भरली होती ती नेमकी त्याच्याच खाली. वीस वर्षांत सेतुबंधासन किती वेळा केले असेल याची गणती नाही, पण कण्यातली ही गोठलेली जागा मला हळूहळू उतरायला लागल्यावरच सापडली.

चटईचाही एक व्यावहारिक घोळ आहे. पिलाटीजमध्ये पाठीच्या कण्यावर घरंगळायचे व्यायाम असतात आणि योगाच्या पातळ चटईवर ते केले की मणक्यांची टोके फरशीला लागतात. जाड चटई आणली, तर वृक्षासनात पाऊल तिच्यात रुतते आणि तोल जातो. दोन चटया घेण्याऐवजी मी पातळ चटईवर आजीची जुनी गोधडी अंथरते. घरंगळणे संपले की तिचीच घडी करून जानुशीर्षासनात बैठकीखाली घेते, म्हणजे ओटीपोट पुढे कलते आणि कंबर गोल होत नाही. शेवटी शवासनात तीच अंगावर घेते.

आसनांचे वेळापत्रक इथे लिहीत नाही, कारण ते ऋतूनुसार आणि गुडघ्यांच्या लहरीनुसार बदलत राहते. मार्जारासन मात्र मी नेहमी दोन्हींच्या मध्ये ठेवते, कारण ते आसनही आहे आणि श्वासाबरोबर चालणारी हालचालही. त्यानंतर उभ्याची आसने, मग पिळाचे एखादे आणि सर्वांत शेवटी पुढे वाकण्याची. या सगळ्याने धाप लागत नाही. हृदयाला आणि फुप्फुसांना काम हवे म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी हनुमान टेकडी चढते. योग आणि पिलाटीज केले की बाकी कशाची गरज नाही असे जे सांगितले जाते, त्यावर माझा विश्वास नाही.

मागच्या पावसाळ्यात आईने आपणही करणार असे जाहीर केले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिची हाडे ठिसूळ झाल्याचे तपासणीत आधीच आले आहे. अशा व्यक्तीने कणा गोल करून पुढे वाकणे, पाठीवर घरंगळणे किंवा झोपल्या जागेवरून पोटाच्या जोरावर उठून बसणे धोक्याचे असते, कारण त्यात मणक्यांच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि ठिसूळ मणका तिथे दबू शकतो. म्हणजे पिलाटीजचे निम्मे प्रसिद्ध व्यायाम आणि माझे लाडके पश्चिमोत्तानासन तिच्यासाठी बाद झाले. डॉक्टरांना विचारून आम्ही तिच्यापुरते वेगळे ठरवले आहे: खुर्चीत ताठ बसून फुंकणीचा श्वास, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि तितक्याच सावकाश बसणे, भिंतीला पाठ लावून ताडासन, आणि खिडकीचे गज धरून वृक्षासन, तेही पाऊल फक्त घोट्यापर्यंत वर नेऊन.

खुर्चीत बसण्याचा व्यायाम तिला सर्वांत अवघड जातो. उठणे तिला जमते. बसताना शेवटच्या वीतभर अंतरात ती स्वतःला सोडून देते आणि खुर्ची करकरते. मी चटईवरून "आई, सावकाश" म्हणते. काल माझे सेतुबंधासन चालू असताना ती वरून म्हणाली, "तुझंही आत्ता धप्प वाजलं, मी ऐकलं."